मैदान, रंगमंच आणि ग्रंथ : पॉल रोबसन यांची जडणघडण

निवासी शाळेतून बाहेर पडून महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या मुलामुलींच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो. मुलाचा गळा गोड असतो, मुलगी जिल्हा पातळीवर धावलेली असते, कोणाला नाटकाचे वेड असते. पण त्यावर पोट भरेल काय, की हे सारे बाजूला ठेवून पदवी आणि नोकरी यांचीच वाट धरावी? ज्या घरात शिक्षणाची ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे, तेथे हा प्रश्न अधिक बोचतो. कारण तेथे चुकलेली वाट सुधारण्यासाठी दुसरी संधी सहसा मिळत नाही. पालकांची काळजी खोटी नसते आणि मुलांची ओढही खोटी नसते.

या प्रश्नाचा विचार करताना पॉल रोबसन यांचे जीवन समोर ठेवण्यासारखे आहे. गुलामगिरीतून पळून आलेल्या बापाचा हा मुलगा महाविद्यालयात असताना देशातील अग्रगण्य खेळाडू ठरला, वर्गातही पहिल्या रांगेत राहिला, कायद्याचा पदवीधर झाला आणि पुढे गायक व नट म्हणून जगभर गाजला. खेळ किंवा कला हवी असेल तर अभ्यास सोडला पाहिजे, ही समजूत त्याच्या आयुष्याने खोटी ठरवली. मात्र उत्तम तयारी केलेल्या माणसालाही समाज आणि संस्था कोठे एकटे पाडतात, हेही त्याच आयुष्यात दिसते. म्हणून ती केवळ यशाची कथा म्हणून वाचून चालणार नाही.

घरातील पाठशाळा

पॉलचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टन या गावी झाला. वडील विल्यम ड्रू रोबसन हे नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्माला आले होते. वयाच्या १५ व्या वर्षी, १८६० मध्ये, ते तेथून निसटले. पुढे पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले आणि ते धर्मोपदेशक झाले. आई मारिया लुईझा बस्टिल या शिक्षिका होत्या. स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या व सुशिक्षित घराण्यातून त्या आल्या होत्या.

पॉल हा भावंडांत सर्वांत धाकटा. त्याला पुरते कळू लागण्यापूर्वीच घरावर दोन आघात झाले. वडिलांना प्रिन्स्टन येथील चर्चमधील पद सोडावे लागले आणि चरितार्थासाठी घोडागाडीतून गावातील घरांची राख वाहून नेण्याचे काम त्यांनी पत्करले. त्यानंतर १९०४ च्या जानेवारीत शेगडीतला निखारा कपड्यांवर पडून भाजल्यामुळे आईचा मृत्यू झाला. त्यांची दृष्टी आधीच अधू झालेली होती. पॉल तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता.

एवढे होऊनही वडिलांनी घरातील शिस्त ढळू दिली नाही. पुढे त्यांना दुसऱ्या गावी पुन्हा चर्चचे काम मिळाले व कुटुंब सॉमरव्हिल येथे स्थिरावले. वडिलांचा आवाज खोल आणि उच्चार अत्यंत स्पष्ट होता. ते मुलाकडून रोज धडे म्हणवून घेत, शब्द कसा फेकावा, वाक्य कोठे थांबवावे, अर्थ कोठे उचलावा हे शिकवीत. इतर मुलांच्या पुढे जाण्याला त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. स्वतःच्या कुवतीइतके काम झाले की नाही, एवढीच त्यांची कसोटी असे. पुढे जगातील मोठमोठ्या नाट्यगृहांत ज्या वाणीने श्रोते भारावून गेले, तिची पहिली तालीम एका गरीब घरातील अशा संध्याकाळी झाली होती. त्या वेळी बाप मुलाला नट करीत नव्हता. तो त्याला नीट वाचायला आणि नीट बोलायला शिकवीत होता.

सॉमरव्हिलच्या शाळेत कृष्णवर्णीय मुले थोडी होती. तेथे पॉल फुटबॉल खेळला, गायकवृंदात गायला, वादविवादात उतरला आणि शेक्सपिअरच्या नाटकातील ऑथेल्लोच्या भूमिकेतही शाळेच्या रंगमंचावर उभा राहिला. मुख्याध्यापकांच्या मनात त्याच्याविषयी आकस होता. पण काही शिक्षिकांनी त्याच्यातील गुण ओळखून त्याला पुढे आणले. एकाच शाळेत एक दार बंद करणारा आणि दुसरे दार उघडणारा, असे दोन्ही प्रकारचे शिक्षक त्याला भेटले.

जन्मगाव प्रिन्स्टन येथे नामांकित विद्यापीठ होते. परंतु त्या काळी तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळत नसे. न्यू जर्सी राज्यातील रटगर्स महाविद्यालयासाठी चार वर्षांची एक शिष्यवृत्ती होती आणि तिच्यासाठी राज्यभर स्पर्धापरीक्षा घेतली जाई. पॉलला तिची माहिती उशिरा मिळाली. इतर उमेदवारांनी परीक्षेचा पहिला भाग आधीच्या वर्षी दिलेला होता. याला साऱ्या अभ्यासक्रमाची परीक्षा एकाच बैठकीत द्यावी लागली. तरीही शिष्यवृत्ती त्यालाच मिळाली. रंगावरून बुद्धी ठरत नाही, ही खूणगाठ त्या परीक्षेने त्याच्या मनात कायमची बांधली.

रटगर्सचे मैदान

१९१५ मध्ये १७ वर्षांचा पॉल रटगर्स येथे दाखल झाला. १७६६ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयात प्रवेश मिळालेला तो तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. सहा फुटांहून उंच, भरदार शरीराचा हा मुलगा फुटबॉल संघाच्या निवडीसाठी मैदानात उतरला, तेव्हा कृष्णवर्णीयासोबत खेळायचे नाही असे ठरवून बसलेल्या खेळाडूंनी पहिल्याच दिवशी त्याचे नाक मोडले आणि खांदा निखळवला. अमेरिकी फुटबॉल हा मुळातच अंगावर धावून जाण्याचा खेळ. त्यात द्वेष मिसळला की इजा करण्यास वेगळे निमित्त लागत नाही.

पॉल काही दिवस अंथरुणाला खिळला. शिक्षण सोडावे असेही त्याच्या मनात आले. परंतु आपण येथे एकट्यासाठी आलो नसून, ज्यांना या मैदानावर यायचे आहे पण येता येत नाही अशा सर्व मुलांचे प्रतिनिधी म्हणून आलो आहोत, ही वडिलांची शिकवण त्याला आठवली. थोरल्या भावानेही त्याला हिंमत दिली. तो परत मैदानात गेला. त्यानेच पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, सरावात एका खेळाडूने खिळ्यांच्या बुटाने त्याचा हात तुडवला, तेव्हा संतापाच्या भरात पॉलने पुढच्या चढाईत चेंडू घेऊन येणाऱ्या गड्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले. तो त्याला जमिनीवर आदळणार, इतक्यात प्रशिक्षक जॉर्ज फॉस्टर सॅनफर्ड यांनी त्याची संघात निवड झाल्याचे ओरडून जाहीर केले. त्यानंतर सॅनफर्ड यांनीच त्याला खेळातील डावपेच शिकवले आणि त्या राकट बळाला तंत्राची जोड दिली.

फुटबॉलबरोबर पॉल बास्केटबॉल व बेसबॉल खेळला आणि मैदानी क्रीडाप्रकारांतही उतरला. चार खेळांत त्याने महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व केले. १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूंच्या ऑल-अमेरिका निवडीत त्याचे नाव आले. १९१८ ची निवड करणारे वॉल्टर कॅम्प हे त्या खेळातील सर्वांत मान्यवर जाणकार समजले जात.

मात्र १९१६ मधील एक प्रसंग विसरता येत नाही. महाविद्यालयाचे ते दीडशेवे वर्ष होते. उत्सवाच्या दिवसांत व्हर्जिनिया राज्यातील वॉशिंग्टन अँड ली या महाविद्यालयाचा संघ खेळायला आला आणि कृष्णवर्णीय खेळाडू समोर असेल तर आम्ही उतरणार नाही, अशी अट त्याने घातली. रटगर्सने ती मान्य केली. आपल्याच महाविद्यालयाच्या उत्सवात पॉलला संघाबाहेर बसावे लागले. पुढे दुसऱ्या एका संघाने असाच आग्रह धरला, तेव्हा सॅनफर्ड यांनी तो धुडकावला आणि पॉल खेळला. दोन्ही वेळी खेळाडू तोच होता, त्याची तयारीही तीच होती. बदलली ती केवळ संस्थेची हिंमत.

वर्गातील विजय

मैदानावरील या कीर्तीमुळे पॉलने वर्गाकडे पाठ फिरवली नाही. तिसऱ्या वर्षीच फाय बीटा कॅपा या गुणवंत विद्यार्थ्यांच्या प्रतिष्ठित मंडळावर त्याची निवड झाली. चौथ्या वर्षी कॅप अँड स्कल या मोजक्या मानकऱ्यांच्या मंडळातही त्याला स्थान मिळाले. वक्तृत्वस्पर्धांत तो सातत्याने पहिला येई. १९१८ च्या मे महिन्यात वडील वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक वक्तृत्वस्पर्धा होती. आपण तिच्यात उतरावे ही वडिलांची इच्छा होती, म्हणून तो दुःख आवरून उतरला आणि जिंकला.

पदवीसाठी त्याने लिहिलेला प्रबंध अमेरिकी संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीवर होता. गुलामगिरी संपल्यानंतर १८६८ मध्ये ही दुरुस्ती झाली आणि तिने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले. कागदावर असलेली ही दुरुस्ती व्यवहारात निजलेली आहे, ती जागी झाली तर सामर्थ्यशाली ठरेल, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तो याच दुरुस्तीच्या आधारे. फुटबॉलच्या मैदानावरून खोलीवर परतून २१ वर्षांचा एक विद्यार्थी हे लिहीत होता. १९१९ च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यालाच मिळाला.

तथापि या चार वर्षांचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. त्याचा आवाज सर्वांना आवडे. महाविद्यालयाच्या गायकवृंदात तो गाई. परंतु वृंद बाहेरगावी गेला की पॉल मागे राही, आणि कार्यक्रमानंतरच्या मेळाव्यात किंवा नृत्यसमारंभात त्याला जागा नसे. महाविद्यालयाला त्याचे बळ हवे होते, त्याचा गळा हवा होता. मात्र तो शेजारी बसलेला नको होता. गुणी विद्यार्थ्याचे कौतुक करणे आणि त्याला आपला मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

कायद्याकडून रंगमंचाकडे

पदवीनंतर पॉल न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आला आणि १९२० पासून कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेऊ लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले होते. आपल्या वाचकांना हा धागा जवळचा वाटेल.

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी पॉलने खेळाचाच आधार घेतला. १९२१ मध्ये अ‍ॅक्रन आणि १९२२ मध्ये मिलवॉकी येथील व्यावसायिक फुटबॉल संघांतून तो खेळला. आठवडाभर कायद्याची पुस्तके आणि सुटीच्या दिवशी सामना, असा त्याचा क्रम होता. खेळ हे त्याचे अंतिम ध्येय नव्हते. पण खेळाने त्याची पदवी पुरी करण्यास हातभार लावला. १९२१ मध्ये त्याचा विवाह इस्लांडा गुड यांच्याशी झाला. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या असून एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करीत. पतीच्या अंगी असलेल्या नटाची पहिली पारख त्यांनीच केली. हार्लेममधील हौशी रंगमंचावर काम करण्यास त्यांनी त्याला आग्रहाने भाग पाडले आणि पुढे बराच काळ त्याच्या व्यवसायाची व्यवस्थाही पाहिली.

१९२३ मध्ये कायद्याची पदवी घेऊन रोबसन न्यूयॉर्कमधील एका वकिली कचेरीत रुजू झाले. तेथील एका गोऱ्या लघुलेखिकेने कृष्णवर्णीयाच्या तोंडून मजकूर लिहून घेण्यास नकार दिला. या व्यवसायात आपल्या ज्ञानाला वाव मिळणार नाही, हे ओळखून त्यांनी ती कचेरी सोडली. आज आपण त्यांना महान कलावंत म्हणून ओळखतो आणि हा प्रसंग त्यांच्या भाग्याचा मानतो. परंतु एका दारात अपमान झाला म्हणून त्यांना दुसरे दार शोधावे लागले, हेही खरे आहे. ते दुसरे दार उघडता आले, याचे कारण त्यांची तयारी एका दिशेची नव्हती.

आवाजाची साधना

त्या सुमारास नाटककार यूजीन ओनील यांच्या नाट्यमंडळीने रोबसन यांना बोलावले. १९२४ मध्ये ‘ऑल गॉड्स चिलन गॉट विंग्ज’ आणि ‘द एम्परर जोन्स’ या ओनील यांच्या नाटकांत त्यांनी प्रमुख भूमिका केल्या. पहिल्या नाटकात कृष्णवर्णीय पुरुष आणि गोरी स्त्री यांचा विवाह दाखवलेला असल्यामुळे प्रयोगापूर्वीच धमक्यांची पत्रे आली. प्रयोग मात्र झाले आणि नट म्हणून रोबसन यांचे नाव झाले.

१९ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज नाट्यगृहात त्यांनी पियानोवादक लॉरेन्स ब्राउन यांच्या साथीने गायनाचा कार्यक्रम केला. त्यात केवळ कृष्णवर्णीयांची भक्तिगीते व लोकगीते होती. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी रचलेली आणि पॉलने वडिलांच्या चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेली ही गाणी तोवर करमणुकीचा किरकोळ भाग समजली जात. एक संपूर्ण मैफल केवळ त्याच गाण्यांची व्हावी, ही गोष्ट नवी होती. नाट्यगृह भरून गेले. शरम वाटावी म्हणून जे शिकवले गेले होते, तेच त्यांनी मानाने मंचावर मांडले.

संगीतशाळेचे दीर्घ शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. म्हणून आपल्या आवाजाची जात आणि मर्यादा ओळखून त्यांनी साधना केली. १९२८ मध्ये लंडनच्या ‘शो बोट’ या संगीत नाटकात त्यांनी गायलेले ‘ओल मॅन रिव्हर’ हे गीत त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. पुढे त्या गीतातील निराशेचे शब्द बदलून ते संघर्षाच्या आशयाने गाऊ लागले. लंडनमध्ये असताना त्यांनी आफ्रिकी भाषांचा व ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला. रशियनसह अनेक भाषा ते शिकले, कारण ज्या लोकांचे गाणे गायचे त्यांच्या भाषेत ते गावे असा त्यांचा आग्रह असे. रटगर्सच्या वर्गात लागलेली अभ्यासाची सवय अशा रीतीने गायनाच्या कामी आली.

ऑथेल्लोच्या भूमिकेची कथाही अशीच आहे. शाळेत केलेली ही भूमिका १९३० मध्ये त्यांनी लंडनला पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्यासोबत केली. गोऱ्या अभिनेत्रीसमोर वावरताना त्या वेळी त्यांच्या हालचालींत संकोच होता. त्यांनी ती भूमिका सोडून दिली नाही. तिचा अभ्यास चालू ठेवला. १३ वर्षांनी, १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ते पुन्हा ऑथेल्लो म्हणून उभे राहिले तेव्हा त्या नाटकाचे २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरच्या कोणत्याही नाटकाचे सलग इतके प्रयोग त्यापूर्वी झालेले नव्हते. प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसवणाऱ्या नाट्यगृहांत मात्र त्यांनी प्रयोग करण्याचे नाकारले.

चित्रपटांत त्यांना कटू अनुभव आले. १९३५ च्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या चित्रपटाने अंतिम रूपात साम्राज्यशाहीचे गोडवे गायले, याचे त्यांना फार वाईट वाटले. कृष्णवर्णीयांना हीन रूपात दाखवणाऱ्या भूमिका टाळता येत नाहीत हे पाहून १९४२ नंतर त्यांनी हॉलिवुडकडे पाठ फिरवली. पैसा मिळत असतानाही नकार देण्याची ताकद त्यांच्यापाशी होती, कारण त्यांचा चरितार्थ एकाच दारावर अवलंबून नव्हता.

भूमिका घेतल्याची किंमत

कीर्तीच्या शिखरावर असताना रोबसन यांनी आपला आवाज इतरांसाठीही वापरला. वेल्समधील खाणकामगारांशी त्यांचा जिव्हाळा जडला. १९३८ मध्ये ते यादवी युद्धाने होरपळलेल्या स्पेनमध्ये जाऊन प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या सैनिकांपुढे गायले. १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी व्यावसायिक बेसबॉलचे आयुक्त व संघमालक यांच्यापुढे जाऊन कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश देण्याची मागणी केली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्या रूपाने ते दार उघडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत साम्यवादविरोधी लाट उसळली. सोव्हिएत संघाविषयी रोबसन यांना आपुलकी होती, कारण तेथे रंगावरून आपला अपमान झाला नाही असा त्यांचा अनुभव होता. मात्र स्टालिनच्या राजवटीतील अत्याचारांविरुद्ध ते जाहीरपणे बोलले नाहीत, हा त्यांच्यावरील आक्षेप रास्त आहे आणि चरित्र सांगताना तो लपवू नये. परंतु त्यांना झालेली शिक्षा या चुकीबद्दलची नव्हती. ती मुख्यतः वर्णभेदाविरुद्ध देशोदेशी बोलण्याबद्दलची होती. १९४९ मध्ये पीक्सकिल येथील त्यांच्या कार्यक्रमाच्या वेळी जमावाने श्रोत्यांवर हल्ले केले. त्याच वर्षी संसदेच्या समितीसमोर रोबसन यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास जॅकी रॉबिन्सन यांनाच बोलावण्यात आले. १९५० मध्ये सरकारने त्यांचे पारपत्र रद्द केले. देशातील सभागृहे मिळेनात आणि परदेशी जाता येईना, त्यामुळे एका मोठ्या कलावंताचे उत्पन्न पार आटले.

तरीही ते गप्प बसले नाहीत. १९५२ मध्ये अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवर एका मालमोटारीवर उभे राहून ते पलीकडे जमलेल्या हजारो श्रोत्यांसाठी गायले. १९५७ मध्ये अटलांटिकपार दूरध्वनीच्या तारेतून त्यांचे गाणे लंडनच्या आणि नंतर वेल्सच्या श्रोत्यांपर्यंत पोचले. १९५८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या साठाव्या वाढदिवसाचा सोहळा भारतातही झाला. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते आणि पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांचा त्याला पाठिंबा होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे रोबसन यांना पारपत्र परत मिळाले. पण आठ वर्षे निघून गेली होती. पुढे नैराश्य आणि आजार यांनी त्यांना घेरले. १९६५ मध्ये इस्लांडा वारल्या. अखेरची वर्षे त्यांनी फिलाडेल्फियात बहिणीच्या घरी काढली आणि २३ जानेवारी १९७६ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

उशिरा आलेली आठवण

विरोधाच्या त्या काळात त्यांचे नाव क्रीडा इतिहासातूनही पुसण्याचे प्रयत्न झाले. फुटबॉलविषयीच्या एका संदर्भग्रंथात १९१८ च्या ऑल-अमेरिका संघात अकराऐवजी दहाच खेळाडू छापले गेले; अकरावी जागा रोबसन यांची होती. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला तो १९९५ मध्ये, मृत्यूनंतर १९ वर्षांनी. रटगर्स विद्यापीठाने २०१९ मध्ये, त्यांच्या पदवीला शंभर वर्षे झाली तेव्हा, आपल्या आवारातील एका चौकाला त्यांचे नाव दिले. ज्या संस्थेने १९१६ मध्ये त्यांना बाहेर बसवले होते, तिनेच शतकानंतर त्यांचे नाव दगडावर कोरले. ही परतफेड चांगलीच आहे. पण त्या दिवशी त्या मुलाला तिचा उपयोग नव्हता.

पालकांच्या प्रश्नाकडे आता वळू. मुलाने खेळात किंवा कलेत पुढे जावे की नाही, याचा निर्णय प्रत्येक घराने आपल्या परिस्थितीनुसार घ्यावयाचा आहे. रोबसन यांचे जीवन एवढे निश्चित सांगते की, तयारी रुंद असावी. ज्याच्या अंगी खेळ आहे त्याची वही कोरी राहू नये. ज्याच्या गळ्यात गाणे आहे त्याला भाषा यावी, हिशेब यावा, करारावर सही करण्यापूर्वी तो वाचता यावा. एक दार बंद झाले तर दुसऱ्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ त्याच्या पायांत असावे. अशी तयारी मोठ्या पैशाने होत नाही. राख वाहून नेणाऱ्या बापाने ती घरीच केली. त्यासाठी रोजची संध्याकाळ आणि मुलाकडे लक्ष एवढेच त्याच्यापाशी होते.

दुसरी बाजू शाळा, महाविद्यालये आणि आपण माजी विद्यार्थी यांची आहे. आपल्या मुलांनी ढाली आणि पदके आणली की आपण त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावतो. पण ज्या दिवशी कोणी येऊन या मुलाला बाहेर बसवा असे सुचवील, मग कारण जातीचे असो, गरिबीचे असो की बोलीचे, त्या दिवशी संस्था काय करते यावर त्या मुलाचा आपल्यावरील विश्वास ठरतो. १९१६ च्या त्या सामन्यात मैदानाबाहेर बसलेल्या मुलाजवळ बळ होते, बुद्धी होती आणि सरावही पुरा झालेला होता. उणीव होती ती फक्त त्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाची. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या एकाही मुलाला ती जाणवू नये.